सुपडू आबांचा अर्धा तास

धुळ्याच्या चौफुलीवर परक्या नंबरची गाडी चहासाठी थांबली, की तिच्यातला माणूस पहिला घोट घेतो न घेतो तोच एक उंच, किडकिडीत म्हातारा त्याच्यासमोर जाऊन उभा राहायचा. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी आणि पायात मात्र कॅनव्हासचे बूट. हात जोडून तो विचारायचा, "कुठून आलात? उद्योग काय करता? अर्धा तास आहे का?"

बहुतेकांना वाटे, हा विमा विकतोय नाहीतर देवळाची वर्गणी मागतोय. काहीजण गाडीत बसून काच वर करून घेत. पण एखादा भिडस्त माणूस "हो, आहे की" म्हणून जाई आणि फसे. मग सुपडू आबा त्याच्याच गाडीत पुढच्या सीटवर बसून त्याला आमचं शहर दाखवायला नेत. त्यांचा अर्धा तास जेवण धरून दुपारपर्यंत चाले.

मी मूळची साताऱ्याकडची. लग्न होऊन धुळ्यात आले आणि उद्योजकांच्या संघटनेच्या ऑफिसात नोकरीला लागले. आबा त्या संघटनेचे जुने सभासद. एकेकाळी त्यांची शेंगदाण्याची तेलगिरणी होती. भुईमुगाचा पेरा घटला, बाहेरचं स्वस्त तेल आलं आणि गिरणी बंद पडली. शेड त्यांनी पशुखाद्याची पोती ठेवायला भाड्याने दिली होती आणि स्वतः दिवसभर मोकळे होते. मी त्यांना चौफुलीवर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला खरंच लाज वाटली. ऑफिसात येऊन म्हटलंसुद्धा, "आबा, असं रस्त्यावर उभं राहून बोलवतात का कुणी? आपली पुस्तिका आहे ना."

"पुस्तिका शे ना," आबा म्हणाले. "कोन वाचस ती?"

'शहरातील प्रमुख उद्योग व गुंतवणुकीच्या संधी' असं तिचं नाव. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. मजकूर मीच टाइप केलेला, त्यामुळे मला राग आला. पण खरं सांगायचं तर ती वाचून कुणी धुळ्याला आल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आबांनी चौफुलीवरून उचलून आणलेले दोघे-तिघे मात्र गोदाम भाड्याने घेऊन इथेच राहिले.

पुढे ऑफिसकडे कुणी पाहुणा आला की मलाही आबांबरोबर जावं लागे. त्यांचा रस्ता ठरलेला होता. आधी चौफुलीवरच उभं करायचं आणि चारी बाजूंना हात करून सांगायचं: हा मुंबईचा, हा आग्र्याकडचा, हा सुरतेचा, हा नागपूरचा, तिकडून सोलापूरचा फुटतो. मग आवाज खाली आणून म्हणायचं, "बठ्ठा रस्ता आठूनच जातस, पन आठे थांबस कोन?" सगळे रस्ते इथूनच जातात, पण इथे थांबतं कोण? पाहुण्याला अहिराणी कळत नसे, पण आबांचा चेहरा पाहून तो मान हलवी. त्यानंतर औद्योगिक वसाहत. मिरची दळायच्या कारखान्यात पाहुणे शिंकून बेजार होत, आबा तेवढे खडखडीत. मग कापसाचं जिनिंग, यंत्रमाग, डाळीची गिरणी, साक्रीच्या रस्त्यावरून दिसणाऱ्या पवनचक्क्या. शेवटी वसाहतीच्या टोकाचा मोठा रिकामा भूखंड. तिथे बाभळी माजल्या होत्या आणि एका कोपऱ्यात मोठं कडुलिंबाचं झाड होतं. त्या लिंबाखाली उभं करून आबा म्हणत, "ही जागा पाहा. फाटक या बाजूला येईल. आणि हे झाड तोडायचं नाही, जेवणाच्या सुट्टीत पोरं इथं बसतील."

पाहुण्याने अजून कारखान्याचा क काढलेला नसे आणि आबांनी मजुरांची जेवणाची सुट्टी ठरवलेली असे. मला हसू यायचं.

गावाकडे ते लग्नाच्या मुलीसारखंच पाहत. कुणी म्हणालं, "जळगावला सोनं आहे, केळी आहे, पाइप आहे, चटया आहेत, मग आम्ही धुळ्याला का यावं?" तर म्हणत, "जळगाव थोरली. तिचं झालं. सुखात आहे. आता धाकटीचं पाहायचं." पण सोयरीक जुळवायची म्हणून खोटं मात्र बोलत नसत. उन्हाळ्यात पाण्याची बोंब असते, मे महिन्यात पत्रा तापून आत उभं राहवत नाही, रेल्वेची नवी लाइन येणार येणार म्हणून आम्ही म्हातारे झालो, हे सगळं ते न विचारता सांगत. संघटनेचे अध्यक्ष कपाळावर हात मारून घेत. आबांचं उत्तर ठरलेलं असे, "व्यंग पहिले सांगानं, मंग सोयरीक. नंतर कळनं तं पोर माघारी येस."

त्यांच्या नावाचीही गंमत होती. आधीची दोन भावंडं गेली म्हणून आईने यांना जन्मल्या जन्मल्या सुपात घातलं, दृष्ट लागू नये म्हणून नाव ठेवलं सुपडू. ते स्वतःच सांगत आणि वर म्हणत, "जात्यातले रडतात, सुपातले हसतात. मी तर नावानंच सुपातला!" आणि खरोखर मोठ्याने हसत. गिरणी बंद पडलेला, बायको गेलेली, घरी विधवा बहिणीच्या हातचं जेवणारा हा माणूस इतका कसा हसतो, असं मला वाटायचं.

ते कशासाठी एवढं करतात हे मला अक्कांकडून, म्हणजे त्यांच्या त्या बहिणीकडून कळलं. आबांना एकच मुलगा, नितीन. आयटीआय करून तो लेथवर उत्तम हात बसलेला कारागीर झाला. गिरणी बंद झाल्यावर वर्षभर त्याने इथे काम शोधलं, मग चाकणला एका कारखान्यात लागला. निघताना आबा त्याला म्हणाले, थांब थोडं, काहीतरी होईल. त्यावर तो वैतागून बोलून गेला, "आठे काय ठेयेल शे, आबा?"

इथे ठेवलंय काय? पोरगं रागात बोललं आणि बसमध्ये बसून विसरलंही असेल. आबा विसरले नाहीत. ते महिनाभर गप्प होते आणि मग एक दिवस चौफुलीवर जाऊन उभे राहिले. परक्या गाड्यांना ते दाखवत होते ते सगळं नितीनच्या त्या एका प्रश्नाचं उत्तर होतं. एखादा यंत्राचा कारखाना इथे आला की नितीन घरी येणार, एवढं सरळ गणित त्यांनी मनाशी मांडलं होतं.

मी एकदा त्यांना म्हटलं, "आबा, कारखान्याची वाट कशाला पाहायची? नितीनला सरळ म्हणा ना, परत ये. काहीतरी करेल तो."

"नई व माय," ते म्हणाले. "पान वाढ्याबिगर हाक मारानी नई. पोराला जेवायला बोलवलं आणि चूल थंड, असं बापानं करू नये."

नितीन दिवाळीला येई. दोन दिवस राही. दोघं अंगणात खाटेवर बसून पाऊसपाण्याचं, कापसाच्या भावाचं बोलत. मुलगा निघाला की आबा बसस्टँडपर्यंत जात, पिशवीत अक्कांनी भाजलेले पापड आहेत ना ते पाहत आणि 'सांभाळून जा' एवढंच म्हणत.

आणि मग खरोखरच एक कंपनी आली. ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणारी. अशा कामाला लेथवरची माणसं लागतात, त्यामुळे आबांचा पाय जमिनीवर ठरेना. कंपनीची माणसं आधी जळगाव पाहून आली होती, आणखी एका जिल्ह्यात जागा पाहणार होती. त्यांच्या प्रमुख रेवती मॅडम, चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. आबांनी त्यांना सगळं दाखवलं, व्यंगांसकट. भूखंडावर लिंबाखाली उभ्या राहून मॅडम बराच वेळ इकडे तिकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "आबा, तुम्ही पाण्याचं खरं सांगितलंत, बरं वाटलं. त्या नव्या पाइपलाइनचं काय ठरतंय ते पाहा आणि मला फोन करा. ऑफिसकडून नको, तुम्हीच करा." त्यांनी आपलं कार्ड आबांच्या हातात दिलं. आबांनी ते टोपीच्या घडीत ठेवलं.

जेवण आबांच्या घरी. अक्कांनी भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी असा बेत केला होता. पाहुणे घाम पुसत पुसत जेवले. निघताना आबांनी पुरुषांना टॉवेल, टोपी, नारळ दिला आणि अक्कांनी मॅडमना पाटावर बसवून ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, सुपारी, सगळं रीतीनं. मॅडमनी पदर पुढे केला, अक्कांच्या पाया पडल्या. आबा दारात उभे होते. त्यांचे डोळे भरून आले होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "जमलं, ताई."

मी ऑफिसात परतले आणि तासाभराने मॅडमचा ड्रायव्हर एक पिशवी घेऊन आत आला. आबाही माझ्याबरोबर येऊन बसले होते. ड्रायव्हरने पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "मॅडमनी सांगितलंय, कंपनीच्या नियमात भेटवस्तू घेता येत नाही. घरी नको म्हटलं तर वाईट दिसलं असतं म्हणून घेतलं. राग मानू नका." टॉवेल, टोप्या, नारळ आणि त्या सगळ्यांवर घडी घातलेला खण. तांदळाची पुडीसुद्धा बांधून दिलेली.

माझ्या मते त्यात काही विशेष नव्हतं. मोठ्या कंपन्यांत असे नियम असतात, उद्या कुणी म्हणायला नको की जागा ठरवताना काही घेतलं. मी आबांना तेच समजावलं. पण आबा पिशवीकडे पाहत बसले होते. खानदेशात भरलेली ओटी परत येते ती एकाच कारणाने. मुलगी पाहून गेलेल्या वरपक्षाला तोंडावर नाही म्हणायचं नसतं, म्हणून तो मुलीकडून मिळालेलं सामान पाठवून देतो आणि दोन्हीकडचे समजून जातात.

"पसंत नाही पडली," आबा म्हणाले.

"अहो आबा, फोन करा म्हणाल्यात त्या!"

"ते ओटी भरायच्या आधी."

ऑफिसातल्या टवाळांनी 'आबांनाच नारळ मिळाला' म्हणून दोन दिवस करमणूक करून घेतली. पाइपलाइनचं काम मंजूर झालं तेव्हा मी पुन्हा आबांच्या मागे लागले. अध्यक्षही म्हणाले की बाईंनी तुमचा फोन मागितलाय, आमचा नाही, तुम्हीच करा. आबा ऐकून घेत आणि मान हलवत. "सोयरीक मोडल्यावर मुलीच्या बापानं दारात जायचं नसतं, ताई. स्वतःची किंमत जाते आणि पोरीचीही." चौफुलीवर कुणालाही हात जोडणाऱ्या माणसाला हा मान कुठून सुचला, हे मला तेव्हा कळलं नाही. अनोळखी माणसाने नाही म्हटलं तर त्यांना काही वाटत नसे. घरी जेवून गेलेल्याचा नकार त्यांना सोसला नाही.

कंपनी दुसऱ्या जिल्ह्यात गेली. आबा पुन्हा चौफुलीवर उभे राहू लागले.

त्यानंतर काही वर्षांनी हिवाळ्यातली एक सकाळ. मला ऑफिसात जायचं होतं, पण थंडी होती म्हणून चौफुलीवर चहाला थांबले. आबा होतेच. इतक्यात एक पांढरी गाडी आली, मागच्या दारातून एक बाई उतरल्या आणि त्यांनी चहा सांगितला. आबांना आता लांबचं नीट दिसत नव्हतं. ते सवयीने पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, "कुठून आलात? अर्धा तास आहे का?"

त्या बाई वळल्या. रेवती मॅडम होत्या. इंदूरला निघाल्या होत्या.

"आबा!" त्या म्हणाल्या. "ओळखलंत का? तुम्ही फोन का नाही केलात हो?"

मीच पुढे होऊन विचारलं, "कसला फोन, मॅडम?"

"पाण्याचा. आमचं मन तुमच्याच जागेवर होतं. त्या लिंबावर तर मी नकाशात खूणसुद्धा केली होती, तोडायचा नाही म्हणून. दुसऱ्या जागेवाले रोज फोन करायचे, तुमचा एकही आला नाही. शेवटी आमचे वरिष्ठ म्हणाले, या लोकांना गरज दिसत नाही." मग त्यांनी आबांचा चेहरा पाहिला आणि त्यांचा आवाज एकदम उतरला. "आबा, ते सामान परत पाठवलं म्हणून तर नाही ना? तो नुसता नियम होता हो."

आबा चहाच्या टपरीच्या बाकावर बसले. हात गुडघ्यांवर ठेवून रस्त्याकडे बघत राहिले. ट्रकमागून ट्रक जात होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "वाट देखी राहिंती ती. मनी वाट देखी राहिंती." माझी वाट पाहत होती ती.

मॅडमना रडू आवरेना. त्या म्हणाल्या, "मी ती कंपनी सोडली, आबा. आता मला कुणाचा नियम नाही. आज ओटी भराल का माझी?" आबा उठले. घरी नेलं. अक्कांना काही सांगितलं नाही, फक्त म्हणाले, "पाहुण्या आल्यात, ओटी भर." तो जुना खण अक्कांनी ट्रंकेत ठेवून दिला होता, तोच काढला. मॅडमनी पदर पसरला. मी दारात उभी होते, जिथे त्या दिवशी आबा उभे होते, आणि मला वाटत होतं की या बाई आल्याच नसत्या तर बरं झालं असतं. नकार मिळाला, एवढंच समजून आबा गेले असते तर काय बिघडलं असतं?

त्या दिवसापासून आबा चौफुलीवर गेले नाहीत. मी घरी जाऊन बसत असे. एकदा त्यांना हसवावं म्हणून मी म्हटलं, "काय, सुपातले?" ते म्हणाले, "आते जात्यामा, माय." हसले नाहीत. उन्हाळा लागायच्या आत ते गेले. दुपारी जेवून खाटेवर पडले ते उठलेच नाहीत. परक्या नंबरच्या गाड्या त्या दिवशीही चौफुलीवर थांबल्या असतील, चहा पिऊन गेल्या असतील.

नितीन आला. बापासारखाच उंच, कानशिलांवर पांढरे केस आलेला. सगळे दिवस होईपर्यंत तो कुणाशी फारसं बोलला नाही. निघायच्या दिवशी सकाळी तो आमच्या ऑफिसात आला, खांद्याला बॅग. माझ्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "ताई, आबा पाहुण्यांना घेऊन फिरायचे ना? काय दाखवायचे ते? मला कधी दाखवलंच नाही त्यांनी."

मी उठले. आम्ही आबांच्याच रस्त्याने गेलो. चौफुली, मिरचीचा कारखाना, जिनिंग, यंत्रमाग. मी आबांसारखं सांगायचा प्रयत्न करत होते आणि मला ते जमत नव्हतं. शेवटी भूखंडावर आलो. बाभळी आणखी वाढल्या होत्या, लिंब तसाच होता. मी त्याला सगळं सांगितलं, फाटक कुठे येणार होतं ते, कंपनीचं, ओटीचं, न केलेल्या फोनचं. आणि हेही सांगितलं की हे सगळं तू यावास म्हणून चाललं होतं.

नितीन लिंबाच्या बुंध्याला हात लावून उभा होता. "मला तर वाटायचं, आबा माझ्यावर रागावलेत," तो म्हणाला. "मी तसं बोलून गेलो होतो ना. दर दिवाळीला वाटायचं, आज म्हणतील, ये परत. स्टँडवर बस सुटेपर्यंत मी खिडकीतून त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचो."

"कारखाना नव्हता ना रे इथे. तुला बोलवून देणार काय, असं त्यांना वाटायचं."

"कारखाना कशाला हवा होता?" तो म्हणाला. "नुसतं ये म्हटले असते तरी आलो असतो. त्या गिरणीच्या शेडमध्ये एक लेथ टाकली असती."

आबांचं 'पान वाढ्याबिगर हाक मारानी नई' मी त्याला सांगणार होते, पण ते ओठांशीच राहिलं. गावातल्या प्रत्येक परक्या गाडीला हाक मारणाऱ्या त्या माणसाने एका रेवती मॅडमना आणि एका नितीनला तेवढी हाक मारली नाही, आणि वाट पाहत होती ती हीच दोन माणसं.

पुण्याच्या बसला वेळ होता. नितीनने घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "ताई, अजून अर्धा तास आहे." आणि तो त्या लिंबाखाली बसला.